लेकाचा ताप, लेकीचा थकवा

आमच्या नात्यागोत्यात कुणाच्या पोराला ताप आला आणि डोळे लाल झाले की फोन मला येतो. मी काही डॉक्टर नाही, हायस्कूलला सायन्स शिकवते, पण २०२१ मध्ये आमच्या धाकट्याला एमआयएस-सी (कोविड होऊन गेल्यावर मुलांच्या सगळ्या अंगात सूज आणणारा आजार) झालं होतं नं, तेव्हापासून अमळनेर ते शिरपूर सगळ्या भावकीला वाटतं की या बाईला त्यातलं सगळं कळतं. आणि फोन ठेवताना एक प्रश्न ठरलेला, "पण ताई, घर तर एकच होतं, मग मुलीला कसं काही झालं नाही हो?" दरवेळी तुकड्यातुकड्यात सांगते, आता एकदाच सगळं लिहून काढते. लांबेल, पण ज्याला वाचायचं तो वाचेल.

दुसरी लाट आठवत असेल सगळ्यांना. आमच्याकडे एप्रिलमध्ये आधी मिस्टर पॉझिटिव्ह आले (कृषी केंद्र चालवतात, दिवसभर काउंटरवर माणसं), मग मी, मग सासूबाई. पोरांच्या टेस्टच केल्या नाहीत. मोठी तेव्हा बारा वर्षांची, धाकटा आठचा, दोघांना जरा अंग गरम आणि नाक गळणं, बस्स, लगेच अंगणात बॅटबॉल चालू. आमचं सगळं लक्ष सासूबाईंच्या ऑक्सिमीटरवर, ९३ दाखवलं की घरभर धावपळ, पोरांकडे कोण बघतंय. सासूबाई घरीच बऱ्या झाल्या, आम्ही म्हटलं चला सुटलो.

मग मे उजाडला, आमच्याकडचा मे म्हणजे ४४-४५ डिग्री, आणि धाकट्याला ताप भरला. पहिल्या दिवशी सगळे म्हणाले ऊन लागलं, कांदा किसून तळपायाला लावला, पन्हं पाजलं. दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागलं, उलट्या, जुलाब, ताप १०३ च्या खाली यायलाच तयार नाही, पॅरासिटामॉलने तासभर उतरायचा की परत. गावातल्या डॉक्टरांनी विडाल केली, म्हणाले टायफॉइडची लाइन आहे, इंजेक्शन सुरू केलं. प्लेटलेट कमी आल्या, एक लाख दहा हजार, तर म्हणे डेंग्यू असेल, पण एनएस-वन निगेटिव्ह. पोट इतकं दुखत होतं की पोरगं गुडघे पोटाशी घेऊनच झोपायचं, तेव्हा सोनोग्राफी केली, अपेंडिक्स तर नाही नं म्हणून, त्यात पोटातल्या गाठी सुजलेल्या दिसल्या, बाकी काही नाही. मला त्या डॉक्टरांना दोष नाही द्यायचा, ताप-पोटदुखी-जुलाब म्हटलं की खेड्यात टायफॉइडच आधी डोक्यात येतो, आणि हा आजारच मुळात वर्षभरापूर्वी जगाला माहीत नव्हता. २०२० च्या एप्रिलअखेर इंग्लंडच्या डॉक्टरांनी पहिला इशारा दिला की मुलांमध्ये काहीतरी वेगळंच दिसतंय, कावासाकी (लहान मुलांचा एक जुना आजार, त्याबद्दल पुढे सांगते) आणि शॉक यांचं मिश्रण, आणि मे महिन्यात डब्ल्यूएचओने त्याची व्याख्या केली. तीन दिवस किंवा जास्त ताप, आणि त्यासोबत अंगावर पुरळ किंवा चिपडं न येता लाल झालेले डोळे, बीपी पडणं, हृदयावर परिणाम, रक्त गोठण्यात गडबड, पोटाच्या तक्रारी, यातल्या निदान दोन गोष्टी, शिवाय रक्तात सूज वाढलेली आणि कोविड होऊन गेल्याचा पुरावा.

चौथ्या दिवशी डोळे लाल झाले. नुसते लाल, पाणी नाही की चीक नाही. ओठ फुटून रक्त यायला लागलं, पोटावर आणि मांड्यांवर लाल चट्टे. आणि मला ज्याची भीती वाटली ती गोष्ट म्हणजे अंगात एवढा ताप असताना त्याचे हातपाय गार होते आणि दुपारपासून लघवीच नव्हती. मिस्टरांनी दुकानावरच्या पोराला गाडी काढायला लावली, रात्रीचे अकरा वाजले होते, धुळ्याला निघालो. तेव्हा जिल्हाबंदी होती, नाक्यावर पोलिसांनी अडवलं, आत टॉर्च मारला, पोराच्या हाताला सलाइनची सुई लावलेली बघितली आणि म्हणाले जा जा, लवकर जा. सासूबाई घरून निघताना एकच वाक्य दहा वेळा बोलत होत्या, "पोऱ्या शे माय, पोऱ्या नाजूक ऱ्हास." (म्हणजे मुलगा आहे गं बाई, मुलगे नाजूक असतात.) हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

धुळ्यातल्या डॉक्टर मॅडमनी पोराला हात लावायच्या आधी मला विचारलं, घरात कोविड कधी झाला होता? मी म्हटलं एप्रिलमध्ये. त्यांनी बोटांवर आठवडे मोजले, चार-पाच होत होते, आणि नर्सला म्हणाल्या आत घ्या. हा आजार कोविड चालू असताना नाही येत, तो बरा झाल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी येतो. व्हायरस निघून गेलेला असतो, आरटीपीसीआर बहुतेकदा निगेटिव्ह येतो (आमचाही आला), अँटीबॉडी पॉझिटिव्ह येते, आणि शरीराची फौज लढाई संपली तरी थांबत नाही. सीआरपी १८० च्या पुढे, फेरिटिन वाढलेलं, डी-डायमर वाढलेलं, ट्रोपोनिन वाढलेलं, म्हणजे सूज, रक्त गोठणं आणि हृदयाला इजा दाखवणारे आकडे सगळेच वर. टू-डी इकोमध्ये हृदयाची पंपिंग चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नॉर्मलला पंचावन्नच्या वर पाहिजे. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, मला काय कळणार, पण पोराचं हृदय थकल्यासारखं हलत होतं एवढं दिसलं. बीपी टिकवायला औषध लावलं, ऑक्सिजन लावला, पीआयसीयू, म्हणजे मुलांचा आयसीयू.

मग आयव्हीआयजी. हे इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेल्या अँटीबॉडी. डोस किलोला दोन ग्रॅम, पोरगं बावीस किलोचं, म्हणजे ४४ ग्रॅम. पाच ग्रॅमची एक बाटली, आणि एवढ्या बाटल्या त्या रात्री एका मेडिकलमध्ये मिळणं शक्यच नव्हतं, दुसऱ्या लाटेत सगळ्याचाच तुटवडा. मिस्टरांनी फ्रीजचा डबा आणि बर्फ घेऊन धुळ्यातली दुकानं फिरून काढली, मेहुण्याने काही नाशिकहून आणल्या, तो पैशाचा आकडा सांगत नाही, कापसाचे त्या वर्षीचे पैसे घरात आलेच नाहीत एवढं समजा. ते औषध सावकाश द्यावं लागतं, दहा-बारा तास, मध्येमध्ये बीपी आणि ताप बघत, कारण भराभर दिलं तर रिॲक्शन येते आणि हृदय आधीच दमलेलं असलं की एवढं पाणी त्याला झेपत नाही. सोबत मिथाइलप्रेड, म्हणजे स्टेरॉइड. कमी डोसची ॲस्पिरिन, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत गुठळी होऊ नये म्हणून.

मला आत सोडत होते, पण पीपीई घालून. मे महिन्यात पीपीई म्हणजे काय ते ज्याने घातलंय त्यालाच माहीत. पोराने ओळखलंच नाही आधी. स्टेरॉइड गेल्यावर मात्र चोवीस तासांत ताप गेला तो गेलाच, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी याने शेवभाजी मागितली, पीआयसीयूमध्ये, नाकात नळी असताना. नर्स हसून हसून वेडी.

शेजारच्या बेडवर शिरपूरकडची एक मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची, तोच आजार. तिची अवस्था आमच्या पोरापेक्षा वाईट होती, व्हेंटिलेटर लावावा लागला. तिची आई बाहेर बाकावर माझ्याजवळ बसून सांगायची की पोट दुखतं पोट दुखतं म्हणत होती, घरातले म्हणाले कामाचं नाव काढलं की हिचं पोट दुखतं. सहाव्या दिवशी चक्कर येऊन पडली तेव्हा आणलं. आम्ही चौथ्या दिवशी आणलं होतं, रात्री, गाडी करून. मी तेव्हा काही बोलले नाही, पण हे डोक्यात जाऊन बसलं. (ती मुलगी बरी झाली, वेळ लागला, पण झाली.)

डिस्चार्जच्या वेळी मी मॅडमना तो प्रश्न विचारला, की दोघांना एकाच वेळी कोविड, एकाच ताटातलं खाणं, मग यालाच का? त्या म्हणाल्या, आमच्याकडे या आजाराचे मुलगेच जास्त येतायत, आणि जगभर बघितलं तरी साधारण दहातले सहा मुलगे. कावासाकीमध्येही तसंच, दीड मुलग्यामागे एक मुलगी. मग मला नाद लागला. घरी आल्यावर पोरगं झोपलं की मी मोबाइलवर वाचत बसायचे, काही कळायचं, बरंच डोक्यावरून जायचं, जेवढं समजलं तेवढं सांगते.

कावासाकी म्हणजे जपानचे डॉक्टर तोमिसाकू कावासाकी. १९६१ मध्ये त्यांनी पहिला पेशंट बघितला, ताप, लाल डोळे, लाल ओठ, पुरळ, आणि १९६७ मध्ये त्यावर लिहिलं. मुख्यतः पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा आजार, औषध नाही दिलं तर चारातल्या एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीला फुगा येतो, वेळेत आयव्हीआयजी दिलं तर ते प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली येतं. आणि तो फुगा येण्यातही मुलगे पुढे. आता गंमत बघा, त्याच १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये मेरी लायन बाईंनी मांडलं की मुलींच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स क्रोमोसोम असले तरी त्यातला एक बंद केलेला असतो. या दोन गोष्टींचा संबंध तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल.

संबंध असा, की इम्युनिटीचे बरेच जीन्स एक्सवर बसलेत. वर्गात मी हे आपल्या भाषेत सांगते, विहिरीवर दोन मोटारी बसवल्यात, एक चालू, एक बंद ठेवलेली, पण बंद मोटारीच्या पाइपातूनही थोडं पाणी येतच राहतं. मुलींमध्ये बंद एक्सवरचे काही जीन्स पूर्ण बंद होत नाहीत. त्यातला एक टीएलआर-७, हा व्हायरसचा आरएनए ओळखणारा सेन्सर. काही पेशींमध्ये मुलींच्या दोन्ही कॉपी चालतात, म्हणून व्हायरस घुसला की त्यांच्या पेशी इंटरफेरॉन (व्हायरसला अडवणारं रसायन) जास्त सोडतात, सुरुवातीचा हल्ला दमदार होतो. मुलग्याकडे एकच एक्स, ती कॉपी बिघडलेली निघाली की स्पेअर नाही. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये दोन कुटुंबांतले चार तरुण, आधी ठणठणीत असलेले, कोविडने आयसीयूत गेले आणि चौघांचाही टीएलआर-७ जीन बिघडलेला सापडला. हे अगदी क्वचितचं झालं, सगळ्या मुलग्यांचं असं नसतं, पण यंत्रणा कशी चालते ते त्यातून कळतं.

मोठ्या माणसांत येल विद्यापीठाच्या लोकांनी त्याच वर्षी दाखवलं की कोविडच्या पुरुष पेशंटमध्ये आयएल-८, आयएल-१८ असली सूज वाढवणारी रसायनं जास्त, आणि बायकांमध्ये टी-सेलचा (व्हायरस घुसलेल्या पेशी हेरून मारणाऱ्या पेशींचा) प्रतिसाद जास्त चांगला. थोडक्यात एकीकडे आग जास्त, दुसरीकडे नेम जास्त. पण मला इथे एक खटकत होतं, की मोठ्यांचं ठीक आहे, त्यांच्यात हार्मोन्स आहेत, इस्ट्रोजेन इम्युनिटीला जोर देतं, टेस्टोस्टेरॉन दाबतं असं म्हणतात, पण आठ वर्षांच्या पोराच्या अंगात कुठलं आलंय टेस्टोस्टेरॉन? या वयात दोघांचेही हार्मोन्स तळाशी असतात. म्हणजे एवढ्या लहान वयातला फरक नुसता हार्मोन्सच्या माथी नाही मारता येत, तिथे क्रोमोसोमचाच हात जास्त धरावा लागतो. आणि वयात आल्यावर पारडं फिरतं. दमा बघा, लहानपणी मुलग्यांना जास्त, वयात आल्यावर मुलींना जास्त. ल्युपस तर दहातल्या नऊ बायका. जी फौज व्हायरसवर लवकर धावते तीच पुढे स्वतःच्या शरीरावर उलटायचा धोकाही जास्त, फुकट काहीच मिळत नाही.

बरं, एमआयएस-सीमध्ये सगळंच मुलगा-मुलगी नाही. २०२२ मध्ये पाच मुलांमध्ये ओएएस आणि आरएनेझ-एल नावाच्या जीन्सचे बिघाड सापडले, ते एक्सवरचे नाहीतच, ते मुलीलाही तेवढेच होऊ शकतात. २०२४ मध्ये आणखी एक सापडलं, की या आजाराच्या तिनातल्या साधारण एका मुलामध्ये अशी अँटीबॉडी तयार झालेली असते जी कोरोनाच्या एका प्रोटीनवर हल्ला करायला बनली पण आपल्याच शरीरातलं एसएनएक्स-८ नावाचं प्रोटीन थोडंसं तसंच दिसतं म्हणून त्यालाही धरते. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, का माहीत नाही. बहुतेक "तुम्ही काय खायला घातलं पोराला" हे ऐकून ऐकून कान किटले होते म्हणून.

आणि दहातले सहा मुलगे म्हणजे दहातल्या चार मुली आहेतच नं. हे लोकांना फोनवर सांगितलं की पलीकडे एकदम शांतता होते, कारण त्यांना ऐकायचं असतं की मुलींना होत नाही. दुसरं म्हणजे हॉस्पिटलच्या दारात कोण पोचतं यावर पण आकडे ठरतात. दिल्लीच्या एम्समधल्या २०१६ च्या ओपीडीच्या नोंदी काही जणांनी तपासल्या होत्या, त्यात अठराच्या आतल्या मुलग्यांची संख्या मुलींच्या जवळपास दुप्पट निघाली. मुलग्यांना आजार दुप्पट होतात असं काही नाही, मुलग्यांना आणतात. आणि दिल्ली कशाला, आपल्या जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. ज्या जिल्ह्यात मुली जन्माआधीच कमी होतात तिथे चार दिवसांचा ताप आलेली मुलगी कितव्या दिवशी धुळ्याला जाते ते मला कुणी पेपर लिहून सांगायची गरज नाही, बाकावरच्या त्या बाईने सांगितलं होतं. अमेरिका-इंग्लंडच्या आकड्यांतही मुलगे जास्तच आहेत, म्हणजे शरीरातला फरक खरा आहे, मी तो नाकारत नाहीये. पण आपल्याकडे त्यात अजून एक थर चढतो आणि दोन्हीची सरमिसळ करून सासूबाईंचं "पोऱ्या नाजूक" आणि लोकांचं "मुली चिवट असतात" अशी वाक्यं तयार होतात.

घरी आल्यावरचं पटकन सांगते. स्टेरॉइड हळूहळू कमी करत दोन-तीन आठवडे, चेहरा सुजून पुरी झाला, भूक राक्षसासारखी. ॲस्पिरिन चालू असताना आयबुप्रोफेन द्यायची नाही, आणि घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू निघाला तर लगेच कळवायचं, कारण त्यात ॲस्पिरिनने राय सिंड्रोम (मेंदू आणि यकृताला इजा करणारा क्वचितचा आजार) होऊ शकतो. कांजिण्यांच्या लसीचा दुसरा डोस राहिला होता, तो आयव्हीआयजीमुळे अकरा महिने पुढे ढकलला, मधल्या काळात दिली तर ती लस लागूच होत नाही. इको दोन आठवड्यांनी, मग सहा आठवड्यांनी. दुसऱ्या इकोला पंपिंग साठच्या वर, रक्तवाहिन्या नॉर्मल. पळणं, क्रिकेट, झाडावर चढणं काही महिने बंद, हे सगळ्यात अवघड काम, ते पोरगं घरात कोंडून ठेवायला सासूबाई दारात खाट टाकून बसायच्या.

आता मोठीचं. लोक समजतात तिला काही झालं नाही.

२०२२ च्या जानेवारीत ओमायक्रॉन आला, परत सगळं घर शिंकायला लागलं, मोठीला ताप आला आणि गेला, कुणी लक्षही दिलं नाही, आम्ही सगळे धाकट्याचे डोळे आणि ओठ बघत बसलो होतो की परत तर नाही नं होत. त्याला काही झालं नाही. पण फेब्रुवारीपासून मोठी सकाळी उठेना. तेरावं लागलेलं, आदल्या वर्षी पाळी सुरू झालेली. उठली की भिंत धरायची, म्हणायची डोळ्यापुढे काळं येतं. आंघोळ करून आली की परत आडवी. शाळेत प्रार्थनेला उभी असताना खाली बसली. अभ्यासात बरी होती, आता म्हणायची पान वाचलं की वरचं आठवत नाही. सासूबाईंचं निदान तयार, "तिले काय व्हयेल शे, आळस शे तो." मिस्टर म्हणाले मोबाइल काढून घे. शाळेतल्या मॅडम (माझ्याच सहकारी) म्हणाल्या नाश्ता करून पाठवत जा. हिमोग्लोबिन केलं, १०.६, म्हटलं सापडलं, लोहाच्या गोळ्या, खजूर, गूळ-शेंगदाणे. हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं, थकवा तसाच. थायरॉइड नॉर्मल. "वयात आलीय, होतं असं," हे तर मी किती जणांकडून ऐकलं. धाकट्याच्या वेळी रात्री अकराला गाडी निघाली होती, हिच्या वेळी गाडीचा विषयच नाही, मी तिला धाकट्याच्या फॉलोअपला एसटीने सोबत घेऊन गेले, त्यालाही घरात "तिला कशाला नेतेस, उगाच उन्हात" हे झालंच.

धुळ्याच्या मॅडमनी आधी धाकट्याचा इको बघितला, मग मी म्हटलं हिचं जरा ऐकता का. त्यांनी नीट ऐकलं, मग तिला टेबलवर शांत झोपवलं, दहा मिनिटं. नाडी ७४, बीपी १०४-६८. मग उभं केलं, भिंतीला न टेकता, हलायचं नाही, दर दोन मिनिटांनी नाडी. दहाव्या मिनिटाला ११८, बीपी जागेवर. पोरगी पांढरी पडली होती, पाय निळसर. मॅडम म्हणाल्या बस आता, आणि मला समजावलं की या वयात उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी चाळीसच्या वर वाढली, बीपी पडलं नाही आणि असा त्रास महिनोन्महिने असेल तर त्याला पॉट्स म्हणतात. व्हायरल होऊन गेल्यावर येऊ शकतो, कोविडच्या आधीपासून माहीत असलेला प्रकार आहे, आणि यातले बहुतेक पेशंट किशोरवयीन मुली आणि तरुण बायका. म्हणजे धाकट्याच्या आजारात मुलगे पुढे, हिच्या आजारात मुली पुढे. कोविडनंतर महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या त्रासातही मोठ्या वयाच्या मुली जास्त दिसतात. रिसेप्शनला त्या म्हणाल्या हिची वेगळी फाइल काढा, आणि पोरीच्या डोळ्यात टचकन पाणी आलं, का तर म्हणे कुणीतरी खरं मानलं.

मला वाटतं फरक इथे आहे. धाकट्याचा आजार चार दिवसांत पीआयसीयूत नेतो, त्याला आकडे असतात, सीआरपी १८० दिसलं की सासरे-दीर-मेहुणे सगळे कामाला लागतात. मोठीच्या आजाराचे रिपोर्ट नॉर्मल येतात. सीआरपी नॉर्मल, इको नॉर्मल. जो आजार मशीनला दिसत नाही तो मुलीचा असला की लगेच स्वभावावर जातो. डॉक्टर लोक नाडी मोजून दहा मिनिटं थांबले नसते तर आमच्याकडे तो आजही आळसच राहिला असता.

औषध काय, तर दोन-अडीच लिटर पाणी, मीठ जास्त, ताकात मीठ, लिंबूपाण्यात मीठ, पापड-लोणचं खा म्हणणारी डॉक्टर पहिल्यांदाच बघितली. एकदम उठायचं नाही, आधी पलंगावर पाय हलवायचे. झोपून करायचे पायांचे व्यायाम, हळूहळू वाढवत. पोटभर एकदम न जेवता थोडं थोडं. पायात घट्ट सॉक्स, ते मात्र आमच्याकडच्या मे महिन्यात कुणी घालून दाखवावं. उन्हाने हा त्रास वाढतो आणि आपण राहतो खानदेशात, त्यामुळे एप्रिल ते जून तिची शाळा-क्लास सगळं सकाळी नऊच्या आत उरकायचं असं ठरवलं.

मधल्या काळात लसीवरून पण भांडण झालं. मार्च २०२२ मध्ये बारा ते चौदाच्या मुलांना कॉर्बेव्हॅक्स ही कोविडची लस सुरू झाली, तर दिरांनी मोबाइलवर बघितलं की लसीने पोरांच्या हृदयाला सूज येते. ती गोष्ट खरी आहे, पण ती परदेशातल्या एमआरएनए प्रकारच्या लसींची, त्यातही प्रामुख्याने किशोर मुलगे आणि तरुण पुरुषांमध्ये, क्वचित, आणि बहुतेक बरे झाले. कॉर्बेव्हॅक्स प्रोटीनची लस, तो प्रकारच वेगळा. गंमत म्हणजे तिथेही परत मुलगेच. मॅडमना विचारून मोठीला दिली, हात दुखला एवढंच.

सुधारायला वर्ष-दीड वर्ष गेलं. मध्ये चांगले महिने, मग परत व्हायरल झालं की खाली. आता अकरावी सायन्सला आहे. मागच्या वेळी तीच टेस्ट परत केली, झोपून ७६, उभं राहून दहाव्या मिनिटाला १०१. मॅडम म्हणाल्या आकड्याने आता त्या व्याख्येत बसत नाही, पण मीठ-पाणी सोडू नको. धाकटा बारा वर्षांचा झालाय, इको वर्षातून एकदा, तोही आता बंद करू म्हणतात. मोठीला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला दोन-दोन तास उभं राहावं लागतं म्हणून कॉलेजमध्ये स्टूलसाठी अर्ज दिलाय, मॅडमचं पत्र जोडून. सर म्हणाले बाकीच्या मुली उभ्या राहतात नं. अर्ज अजून त्यांच्या टेबलवर आहे, सोमवारी मी परत जाणार आहे, यावेळी मिस्टरांना पण सोबत नेतेय.